मातीच्या गाऱ्याचा उन्हाळा

होळी झाली की आमच्याकडे दोन गोष्टींचा सुकाळ होतो, उन्हाचा आणि विटांच्या ट्रकांचा. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे ट्रक कण्हत कण्हत चाललेले असतात आणि त्यांच्या मागे तांबडा धुरळा उडत असतो. पाऊस लागायच्या आत घर उभं झालं पाहिजे, हा इकडच्या माणसांचा जुना हट्ट आहे. प्यायच्या पाण्यासाठी ज्या गल्लीत टँकरची वाट बघतात, त्याच गल्लीत कुणाच्या तरी नव्या स्लॅबवर वाळूची आळी करून पाणी उभं केलेलं असतं. सिमेंटला तहान जास्त, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. त्या ओल्या सिमेंटचा वास पुष्कळांना आवडतो, कारण तो नव्या घराचा वास असतो. मला मात्र तो आला की अहमदपूरचा एक उन्हाळा आठवतो आणि मग दिवसभर काही गोड लागत नाही.

मी बायकांना गवंडीकाम शिकवते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग मी गंमत करत नाही हे कळलं की कौतुक करतो, आणि मग विषय बदलतो. मी लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला. पहिल्याच नोकरीत ठेकेदारानं मला साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत खुर्ची दिली, टेबलफॅन दिला आणि म्हणाला, मॅडम, उन्हात कशाला जाताय. खिडकीतून मला भिंती चढताना दिसायच्या. मी त्यांच्या विटांचे हिशेब करत बसायची. तिथून बाहेर पडले ती थेट या प्रशिक्षणाच्या कामात आले, आणि आले तेव्हा अंगात नुसतं वारं भरलेलं होतं. बायकांच्या हातात थापी दिली की जग बदलतं, असं मला खरोखर वाटत होतं. आता नव्या वर्गाची तयारी सुरू आहे आणि वरच्या ऑफिसातून निरोप आलाय की प्रत्येक केंद्रानं एक यशोगाथा पाठवावी, फोटोसकट. तो निरोप वाचला आणि ते गोदाम डोळ्यांपुढे उभं राहिलं.

अहमदपूरच्या मार्केट यार्डामागे एक गोदाम भाड्यानं घेतलं होतं. आत तुरीचा आणि सोयाबीनचा भुस्सा कोपऱ्याकोपऱ्यात अडकलेला, वर पत्रे, पत्र्याखाली पारवे. दुपारी आत बसलं की भट्टीत बसल्यासारखं व्हायचं. पहिल्या दिवशी बायका आल्या त्या सगळ्या डोक्यावरची चुंबळ घेऊनच आल्या. शिकायला बोलावलंय, ओझं वाहायला नाही, असं गावागावांत जाऊन सांगितलं होतं. तरीही घरातून निघताना हात आपोआप चुंबळीकडे गेलेला. मग काय करायचं त्या चुंबळीचं? त्यांनी ती खाली ठेवली आणि तिच्यावरच बसल्या.

शिकवायला माझ्यासोबत गफूर मिस्त्री होते. सगळे त्यांना गफूरचाचा म्हणत. पिकलेली दाढी, गुडघे गेलेले, पण हातात थापी आली की माणूस तरणा व्हायचा. आजूबाजूच्या गावांत त्यांनी जन्मभर घरं बांधली होती. पुस्तकातलं मी सांगायचं आणि हातातलं त्यांनी दाखवायचं, अशी वाटणी होती. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी फार बोलते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

शिकाऊ भिंत सिमेंटात बांधत नाहीत, मातीच्या गाऱ्यात बांधतात. सकाळी बांधायची, ओळंबा लावून सरळ उभी आहे का बघायची, चुका दाखवायच्या आणि दुपार कलली की मोडायची. विटा झटकून, रचून ठेवायच्या, कारण उद्या त्याच विटा. गारासुद्धा भिजवून पुन्हा तोच. पाण्याची बोंब असल्यामुळे हातपाय धुतलेलं पाणीही गाऱ्यात जायचं. या धंद्यात शिकण्याची हीच रीत आहे आणि तिच्यात वाईट काही नाही, हे मला कळत होतं. पण रोज त्या बायका आपलीच भिंत पाडायला उठायच्या तेव्हा मला बघवायचं नाही. बांधताना त्यांचे हात अडखळायचे. पाडताना आणि विटा रचताना मात्र काय चपळाई! ते त्यांना येतच होतं.

सुरुवातीचे दिवस एक गंमत व्हायची. गंमत म्हणते खरी. भिंतीपाशी बसलेली एखादी बाई बोलायची, "वीट." तिच्या जोडीदारणीनं ती द्यायची असते. पण वीट असा शब्द कानावर पडला की गोदामातल्या सगळ्याच बाया उठून विटांच्या ढिगाकडे धावायच्या. जिनं मागितली तीसुद्धा. भिंत तशीच, दोरी तशीच, आणि सगळ्याजणी हातात विटा घेऊन एकमेकींकडे बघत उभ्या. मग हसायला लागायच्या आणि हसता हसता खाली बसायच्या. गफूरचाचा कपाळावर हात मारून म्हणायचे, अगे, बसून राहायला शिका आधी, वीट लावायची मग शिकू. ही सवय जायला बरेच दिवस लागले. काहींची शेवटपर्यंत गेली नाही.

जी सगळ्यांत आधी बसून राहायला शिकली ती महानंदा. तिचं गाव जवळच, अहमदपूरच्या पुढे आतल्या बाजूला. वयानं माझ्याएवढी असेल. नवरा शेतातल्या मोटारीचा करंट लागून गेला होता. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती साइटवर माल वाहत होती. बोलणं कमी, आणि बोलली तर तिरकस. ओळंब्याची दोरी स्थिर होईपर्यंत बाकीच्या बायांना दम निघायचा नाही. ही मात्र एक डोळा मिटून तशीच थांबायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं की शिकून काय करायचंय. असा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारायची, कारण अहवालात लिहावं लागायचं. बाकीच्या म्हणायच्या, पोरांना शिकवू, चार पैसे जास्तीचे येतील. ती भाकरी मोडत म्हणाली, "मला आता खालून वर द्यायचं न्हाई मॅडम. मला भिंतीपशी बसायचंय." एवढंच तिचं मागणं होतं. मी ते अहवालात लिहिलं नाही, कारण तिथं त्यासाठी रकाना नव्हता.

परीक्षा झाली. बाहेरगावाहून एक साहेब आले, टॅबवर प्रश्न वाचले, फोटो काढले. पिवळी हेल्मेटं घालून सगळ्याजणी ओळीत उभ्या राहिल्या, आणि फोटो झाल्यावर हेल्मेटं आम्ही परत घेतली, कारण ती पुढच्या वर्गाला लागणार होती. सगळ्या पास झाल्या. गफूरचाचांनी पेढे वाटले. महानंदानं प्रमाणपत्राला प्लॅस्टिकचं आवरण घालून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर जाऊन उभी राहिली.

अड्डा म्हणजे सकाळी मजूर जमतात तो चौक. तिथं न लिहिलेली एक रेघ असते. अलीकडे मिस्त्री उभे राहतात, थापी कमरेला खोचून. पलीकडे हाताखालची माणसं आणि बाया. महानंदा थापी घेऊन अलीकडे उभी राहिली. कुणी तिला हाकललं नाही. कुणी वाईटही बोललं नाही. येणारा ठेकेदार गाडीवरून उतरायचा, मिस्त्र्यांशी बोलायचा आणि मग तिला म्हणायचा, मावशी, तिकडं उभ्या ऱ्हावा, बाया तिकडून घ्यायलोय. ती सांगायची की मी मिस्त्री आहे. तो मान हलवायचा, समजल्यासारखी, आणि दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जायचा. असं बरेच दिवस चाललं. मी ऑफिसला कळवलं तर उत्तर आलं की रोजगार मेळावा घ्या. मेळावा घेतला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पाहुण्यांना शाली दिल्या आणि बाया एस.टी.नं परत गेल्या.

शेवटी गफूरचाचांनीच मनावर घेतलं. गावात भुसार मालाचं दुकान असलेल्या एका अण्णांचं घर त्यांनी बांधायला घेतलं होतं. अण्णा कपाळाला भस्म लावणारे, गळ्यात लिंग असलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. चाचांनी त्यांना सांगितलं की माझे गुडघे चालत नाहीत, माझ्यासोबत ही बाई बसणार. अण्णा म्हणाले, काम नीट झाल्याशी मतलब. जोत्याच्या विटा तिनं लावल्या. मी केंद्र बंद करून मुद्दाम वाकडी वाट करून तिकडे जायची. पहिल्या दिवशी उन्हं उतरली तशी ती थापी ठेवून उठली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "पाडायची न्हाई ना ही?" मी नाही म्हणाले. तिनं पाइप घेऊन त्या विटांवर पाणी मारलं, इतकं मारलं की अण्णांच्या मुलानं येऊन नळ बंद केला. त्या काळात मी घरी जाताना गाणी गुणगुणायची, असं माझी आई अजून सांगते.

मग चौकटीचा दिवस आला. जोतं झालं की दाराची चौकट उभी करतात आणि तिला धरून भिंती वर चढतात. हा घरातला पहिला मान. चौकट हळदी-कुंकवानं माखतात, आंब्याचे डहाळे बांधतात, वरच्या लाकडाला नवधान्याची पिवळी पुरचुंडी लावतात. मिस्त्री चौकट ओळंब्यात धरतो, नारळ फुटतो, मिस्त्रीला टॉवेल-टोपी मिळते. गफूरचाचांनी अशा किती चौकटी बसवल्या असतील त्याला गणती नाही. त्यांच्या थापीलाही घरच्या बाया कुंकू लावायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. त्या दिवशी गुडघा धरून बसलेल्या चाचांनी महानंदाला सांगितलं की चौकट तू बसव. आम्ही वर्गात तिची इतकी तयारी करून घेतली होती! कोपऱ्यापासून कोपऱ्याला दोरी लावून बघायची, दोन्ही मापं सारखी आली की चौकट काटकोनात. ती रात्रभर झोपली नव्हती हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. धुतलेलं लुगडं नेसून आली होती.

पूजेला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. तिनं चौकटीला हात घातला आणि मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी अण्णांच्या बायकोला बाजूला घेतलं. तिनं अण्णांना बोलावलं. अण्णा हात जोडूनच चाचांकडे आले, अगदी शरमून, आणि हळू आवाजात म्हणाले, "चाचा, आमच्यात न्हाई मानीत असलं. पण गल्ली मानते. शुभकार्य हाय. बाईला उद्यापासून काम हायेच की." चाचांनी चौकटीकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "चौखट कू क्या मालूम, किने बिठाया." पण उठले. ठेका त्यांच्या नावावर होता. महानंदानं चौकट सोडली, विटांच्या ढिगाकडे गेली आणि तिथं पाठ करून उभी राहिली. नारळ फुटला. चौकट ओळंब्यातच होती.

मला राग येतो तो कुणावर यावा, हे अजून ठरवता आलेलं नाही. अण्णा दुष्ट नव्हते. त्यांच्या बायकोनं महानंदाला त्या दिवशी बळेच जेवायला बसवलं, ताटात दोन पुरणपोळ्या वाढल्या. गल्लीतल्या बायांपैकी निम्म्यांना उद्या हेच भोगायचं आहे, तेही त्यांना माहीत असावं. मीही तिथंच उभी होते. बोलायला तोंड उघडलं, तर महानंदानं लांबूनच मान हलवून नाही म्हटलं. तिला काम हवं होतं. माझं भाषण नको होतं.

त्या दिवसानंतर एक गोष्ट मला पहिल्यांदा दिसली, जी कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती. आपल्या घरात शुभ नाही असं काही बांधतच नाहीत. पाया मुहूर्तावर, चौकट मुहूर्तावर, स्लॅबला नारळ, देवघराचं तर बोलायलाच नको, स्वयंपाकाच्या ओट्यालाही हळद-कुंकू. एकदा चौकटीला तिचा हात नको झाला की मग देवघराच्या भिंतीला कसा चालेल? ओट्याला कसा चालेल? हळूहळू तिला मागच्या बाजूला लावलं. न्हाणीघर, आवारभिंत, संडासाची टाकी. पुढच्या घरीही तेच. गावात नाव झालं, टाकी बांधायची असेल तर त्या बाईला बोलवा, सफाईदार काम करते. शिकवलेलं सगळं ती त्या टाकीत ओतायची, कोपरे गुण्यात म्हणजे नेमके काटकोनात, थर पाणसळीत म्हणजे अगदी एका पातळीत. वर झाकण पडलं की संपलं. आजही नवी वस्ती बघताना मला दर्शनी भिंती दिसत नाहीत. जमिनीखाली कुणी काय नेटकं बांधून ठेवलं असेल, तेच डोक्यात येतं.

पाऊस आला, कामं थांबली. चाचांचे गुडघे पुरते गेले आणि ते कंधारला लेकीकडे राहायला गेले. ते गेले आणि महानंदाला टाकीसाठीही कुणी बोलावेना. एकदा अहमदपूरच्या स्टँडवर ती मला दिसली, डोक्यावर घमेल्यांची चळत होती. तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मीही बसमधून उतरले नाही.

म्हणून ऑफिसचा यशोगाथेचा निरोप आला तेव्हा त्यासाठी मी तिचा विचारही केला नव्हता. सहज चाचांना फोन केला, तर म्हातारा खूश होऊन म्हणाला, महानंदा? ती तर नांदेडला असते, मिस्त्री हाय ती आता, पूरा घर बांधते. मला खरंच वाटेना. पत्ता घेतला आणि पहिल्या गाडीनं निघाले. लोह्याच्या पुढे ऊन नुसतं पांढरं झालं होतं, तरी मी खिडकी उघडी ठेवली. इतक्या वर्षांत इतका आनंद मला कशाचा झाला नव्हता.

नांदेडच्या बाहेर नवे प्लॉट पडलेत, तिथं ती होती. बांबूच्या परांचीवर बसलेली, दोरीला डोळा लावून. खालून दोन बाया तिला विटा देत होत्या आणि एक पुरुषमाणूस गारा कालवत होता, तिच्या हाताखाली. तिनं मला बघितलं आणि उतरून आली. गळ्यात काळी पोत, कपाळावर ही मोठी लाल टिकली. मला भरूनच आलं. मी म्हणाले, बाई, लग्न केलंस आणि कळवलंही नाहीस? तिनं माझा हात धरून मला विटांच्या ढिगाआड नेलं.

लग्न केलं नव्हतं. इथं कुणी ओळखत नाही म्हणून सांगितलंय, नवरा हैदराबादला कामाला असतो. पहिल्याच कामावर मालकिणीनं आधी कपाळ बघितलं आणि मग थापी. तेव्हापासून चौकट तीच बसवते, देवघरही. टॉवेल-टोपीऐवजी तिला खण-नारळ मिळतो, सवाष्ण म्हणून ओटी भरतात. हे सगळं ती सांगत होती ते दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. मी फोटोबद्दल विचारलं. ती नको म्हणाली. फोटो गावाकडं कुणी बघितला तर इथलं काम जाईल. आमच्या इतक्या वर्षांतली एकच यशोगाथा, आणि तिला तोंड दाखवायची सोय नाही. आम्ही तिला थापी धरायला शिकवली, ओळंबा शिकवला, सगळं शिकवलं, आणि तिला कामाला आली ती किराणा दुकानातली टिकलीची पाकिटं. मी तिथं विटांवर बसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

काम सुटायची वेळ झाली. बाया गेल्या. ती नळाशी बसली, थापी घासून धुतली, हात कोपरापर्यंत धुतले. मग टिकली काढून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली, पोत काढून बटव्यात ठेवली, आणि पदर ओला करून कपाळ पुसायला लागली. टिकलीच्या गोंदाचा डाग राहतो, तो निघेपर्यंत पुसत होती. मी म्हटलं, राहू दे की, आता कोण बघतंय.

"खोलीवर सासू हाय न्हवं," ती म्हणाली. "तिचा एकुलता एक ल्योक हुता त्यो. तिच्या म्होरं कशी जाऊ कुंकू लावून?" तिनं पदर पिळला. "रोज सकाळी त्याला जित्ता करती मॅडम, अन् रोज सांजंला मीच मारती."

तिनं थापी पिशवीत घातली, डबा वर ठेवला. उद्या पलीकडच्या प्लॉटवर चौकट आहे, लवकर यावं लागेल, म्हणाली, आणि खोलीकडे निघाली.